मागच्या बाजूच्या काचा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरची चिठ्ठी, लग्नात गळ्यात पडणारे नातेवाईक, सगळं मी दोनदा पाहते. माय म्हणायची, "तुले देव भेटला तरी तू त्याले ओळखपत्र मागशीन." पण तीच बाई रोज सकाळी दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर धरून तो कसा ओघळतो ते पाहायची. त्यामुळं हे माझ्यात कुठून आलं, ते सांगायला नको.

आम्ही दोघीच अकोल्यात राहायचो आणि माझी नोकरी अमरावतीत, एका आर्किटेक्टकडे. सकाळची पॅसेंजर, मूर्तिजापूरला चहा, बडनेऱ्याला उतरून ऑटो. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्यापेक्षा मोठं आंगण. आंगणात कडुनिंब, मोगऱ्याचे आणि गुलाबाचे वाफे, कोपऱ्यात न्हाणी. न्हाणीला चारही बाजूंनी तुराट्यांचा कूड, वर मात्र छप्पर नाही. माय पहाटे फुलं तोडायची, हार करायची, देवळापाशी विकायची आणि ऊन वर आलं की घरी येऊन न्हाणीत बसायची. बादलीतलं पाणी उन्हानंच तापलेलं असायचं. निंबाची पानं अंगावर पडायची. "छताखाली आंघोळ केली की मले बिमार वाटते," असं म्हणायची. त्या आंगणात तिचं सगळं होतं. धंदा तिथं, देव तिथं, भांडणं तिथं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कपाशीनं दगा दिला की खेड्यातला माणूस शहरातल्या प्लॉटवर घर बांधायचं पुढे ढकलतो, आणि त्यानं पुढे ढकललं की आमच्यासारख्या ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या होतात. एकेक जण गेला. शेवटी सर, मी आणि एक सहकारी, एवढेच उरलो. सर पुण्यात शिकलेले, गोड बोलणारे. सहकारी अमरावतीचाच, त्याचे वडील फर्निचरवाले. वयानं माझ्याएवढाच, पण मला ताई म्हणायचा. मला त्याचाही संशय यायचा. इतकं अदबीनं कोण बोलतं हो?

अशात एक मोठं काम आलं. बी-बियाणं आणि औषधं विकणारे एक शेठ अकोल्यात चार मजली इमारत बांधणार होते. खाली दुकान, मधे गोदाम, वर त्यांची केबिन. समोरून सगळी काच. मी मनात म्हटलं, वा रे वा! पेरणाऱ्याच्या घरावर कौल नाही, आणि बी विकणाऱ्याच्या घरावर काच. इथं कुठं तरी पाणी मुरतंय.

मग मोजणीचा नकाशा उलगडला आणि माझा चहा गार झाला. प्लॉटच्या मागच्या हद्दीला लागून एक लहान घर होतं, आणि घराच्या आंगणात झाडाचा गोल. तो आमचा निंब होता.

मी तोंड उघडलं नाही. सरांना कळलं असतं तर त्यांनी काम माझ्याकडून काढून घेतलं असतं, आणि मग मागे काय चाललंय ते मला कोण सांगणार? त्यातच शेठचा एक माणूस घरी येऊन गेला होता. मायला म्हणाला होता, "मावशी, जागा देऊन टाका. पार्किंगले कामी पडन. तुमाले दुसरीकडे फ्लॅट पाहून देतो." माय म्हणाली, "फ्लॅटात मोगरा कुठीसा लावू, तुह्या डोक्यावर?" तो हसत गेला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. काचेची ही भिंत कॉम्प्युटरवर काढायला सोपी. एक रेघ ओढली की भिंत उभी राहते आणि स्वतःच चौकोनांत वाटली जाते. सगळे चौकोन एकसारखे, सगळे काचेचे. पण प्रत्येक चौकोन भिंतीला टाचणीनं टोचलेला असतो. एकच चौकोन बदलायचा, तर माऊस त्याच्या कडेवर न्यायचा, टॅबचं बटण दाबत राहायचं. आधी सगळी भिंत उजळते, मग पट्टी, आणि शेवटी तो एकटा चौकोन. मग त्याच्यावर टाचणीचं चित्र दिसतं. त्या चित्रावर टिचकी मारली की टाचणी निघते आणि चौकोन मोकळा होतो. त्याला मग काचेऐवजी खिडकी करा, दार करा, नाहीतर अॅल्युमिनियमची बंद शीट करा. ऑफिसात हे नीट फक्त मला यायचं, आणि मला त्याची घमेंड होती.

सरांच्या पहिल्या नकाशात मागची बाजू साध्या प्लास्टरची होती. काही दिवसांनी सर म्हणाले, "मागूनसुद्धा काच घ्या. शेठना केबिन मागच्या बाजूला हवी आहे." मी विचारलं, "मागे काय पाहायचंय त्यांना?" सर हसले. "मोठी माणसं. आपल्याला काय?"

मला काय? मी मॉडेलमध्ये शेजारचं घरही काढलं. भिंती काढल्या, निंब लावला, कोपऱ्यात न्हाणीचा डबा उभा केला, वर उघडा. मग वरच्या मजल्यावर, केबिनमध्ये, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला आणि खाली वळवला. पडद्यावर आमची न्हाणी दिसली. नुसती कड नव्हे, आतली फरशीसुद्धा. मी स्वतः काढलेली फरशी, पण माझ्या अंगावर काटा आला. एखादा परका माणूस खुर्चीत बसून चहा पिता पिता माझ्या मायकडे पाहणार होता, आणि शेठनी ठरवलेली काच बाहेरून आरशासारखी दिसणारी असल्यानं मायला ते कधी कळणारही नव्हतं.

मी टॅब दाबला. न्हाणी दिसते तो प्रत्येक चौकोन शोधला, टाचणी काढली आणि काचेच्या जागी बंद शीट करून टाकली. मोजून-मापून, एकेक. कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर मागे पाईप आहेत म्हणून सांगणार होते.

दोन दिवसांनी फाईल उघडली तर सगळ्या काचा परत जागेवर.

आधी वाटलं, मीच सेव्ह केलं नसेल. पुन्हा शीट केल्या. पुन्हा काचा आल्या. आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. फाईल उघडणारे आम्ही दोघंच. मी सहकाऱ्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायला लागले. मी जवळ गेले की तो पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद करायचा. फोन आला की गॅलरीत जायचा. शेठचा माणूस एकदा ऑफिसात आला, तेव्हा त्यानं ह्याच्या खांद्यावर हात ठेवला. झालं! मी मनात खटला चालवून शिक्षाही ठोठावली. पुढच्या खेपेला मी एक शीट मुद्दाम लाल रंगाची ठेवली आणि लवकर घरी जाते असं सांगून जिन्यात उभी राहिले. परत आत आले तर तो डबा उघडून जेवत होता, आणि माझ्या पडद्यावर लाल शीट तशीच.

"ताई, तुमी गेल्या नव्हत्या?"

"तू माझ्या शीट काढतोस का रे?" मी सरळच विचारलं. तसंही मला आडवळणानं बोलता येत नाही.

त्यानं घास खाली ठेवला. "म्हंजे इतके दिवस तुमी माह्यावर डाऊट करून राहिल्या?"

"मग स्क्रीन काहून झाकतो?"

"बायकोले साडी पाहून राहिलो ना! तुमाले दाखवली असती तर तुमी म्हटलं असतं, रंग कच्चा आहे." मग त्यानं दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सर बसतात तुमच्या मशीनवर. तुमी गाडीसाठी निघाल्या की. मले वाटलं, तुमाले माहीत आहे."

सर! गोड बोलणारे सर. मला संशय सगळ्यांचा यायचा, पण टॅबनं एकेक चौकोन पकडायला सर शिकले असतील, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. माझ्या मागे बसून, पाहून पाहून शिकले होते.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः ऑफिसात आले. पांढरे कपडे, हातात काचेचा नमुना. दुपारी बाराच्या उन्हात सगळे पुरुष गच्चीवर गेले. शेठनी तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि सहकाऱ्याला पलीकडे उभं केलं. "दिसून राहिलो काय मी?" सहकारी म्हणाला, "नाही शेठ, माह्यंच तोंड दिसून राहिलं." शेठ खूश. "बस! हाच माल लावा. आपल्याले सगळे दिसले पाह्यजे, आपण कोणाले दिसलो नाही पाह्यजे." मग नकाशावर आमच्या घराकडे बोट करून म्हणाले, "अन् मागं काय, टिनपत्र्याचे घरं. थे थोडीच राह्यतीन."

मीही त्यांच्यामागून वर गेले होते, तिथंच उभी होते. ते गेल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, ते टिनपत्र्याचं घर माझं आहे. ती न्हाणी माझ्या आईची आहे."

सर गोरेमोरे झाले. मग त्यांचा तो गोड आवाज आला. "अहो, आधी सांगायचं ना! पण काळजी कशाला? काच आरशाची आहे. बाहेरून आतलं काहीच दिसत नाही."

"बाहेरून दिसत नाही हेच तर लफडं आहे!" मी ओरडलेच. "समोरचा पाहतोय की नाही, हे तिला कळणार कसं?"

सरांनी पंखा एकनं वाढवला आणि म्हणाले, काम राहिलं तर आपण राहू. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. शीट गेल्या, काचा राहिल्या, आणि त्या काचांचं अंतिम ड्रॉइंग मीच छापलं.

इमारत उभी राहिली. मागच्या काचांत दिवसा आमचाच निंब दिसायचा, आमचीच माय, आमचीच दोरीवरची लुगडी. पाहुणे म्हणायचे, आंगण किती मोठं वाटते! मी सगळं सांगितल्यावर मायनं न्हाणीवर बाजारातून आणलेलं जुनं फ्लेक्स बांधलं. कुठल्याशा सरकीच्या जाहिरातीचं होतं, वर पांढरीशुभ्र बोंडं छापलेली. खाली ती अंधारात अंघोळ करायची आणि बाहेर येऊन शिव्या घालायची. "मले कैदेत टाकलं माह्याच घरात." हार गुंफताना ती काचांकडे पाठ करून बसायला लागली. शेठचा माणूस पुन्हा आला, "मावशी, काय ठरवलं?" त्या वेळी मायनं फ्लॅटात मोगरा कुठं लावू, असं विचारलं नाही. ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिली.  ती आता होय म्हणेल, असं मला पहिल्यांदा वाटलं.

आणि एक दिवस संध्याकाळी लाईन गेली.

त्यात नवं काही नव्हतं. त्या वर्षांत लोडशेडिंग म्हणजे आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणासारखं होतं. लाईन गेली की गल्ली बाहेर येऊन बसायची, आमच्या निंबाखाली चार बाया तरी हमखास. त्या दिवशी मी नुकतीच गाडीवरून आले होते. माय अंधारात देठ खुडत बसली होती. तेवढ्यात शेठचं जनरेटर घरघरलं आणि मागच्या काचा उजळल्या.

उजळल्या म्हणजे काय, गायबच झाल्या! अख्खी केबिन दिसायला लागली. टेबल, देवाचा फोटो, पाण्याचा जग. आणि खुर्चीत शेठ, पाय टेबलावर, बनियनवर, कान कोरत.

"बाप्पा बाप्पा!" शेजारीण म्हणाली. "हा तर टीव्हीच लागला!"

मी टाळी वाजवली. बारा वाजताच्या उन्हात काच तपासणाऱ्या मोठ्या माणसांनो! जिकडे उजेड, तिकडचं दिसतं. दिवसा बाहेर ऊन, म्हणून आम्ही दिसायचो. आता बाहेर काळोख होता आणि आत ट्यूबलाईटी, म्हणून तो दिसत होता आणि त्याला काचेत फक्त स्वतःचं तोंड. माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या चित्रात कायम दुपारच असते.

मग रोज संध्याकाळी आमच्याकडे खेळ. शेठ डोक्याला कलप लावतात, शेठ भाषणाची तालीम करतात, शेठ बायकोचा फोन कानापासून हातभर लांब धरतात. बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. माय आता काचांकडे तोंड करून बसायची.

पण एके संध्याकाळी हसणं थांबलं. त्या साली पुष्कळांचं बी उगवलंच नव्हतं. लोक मातीसकट पुडे घेऊन दुकानात यायचे, आणि खालून सांगायचे, शेठ बाहेरगावी गेले. मायच्या माहेरगावचा एक म्हातारा असाच आला, आणि गाडीला वेळ होता म्हणून आमच्याकडे पाणी प्यायला टेकला. "चार खेपा झाल्या वं बाई. शेठ काही भेटत नाही. नागपूरले हायेत म्हणे."

मायनं हातातला हार खाली ठेवला. "नागपूरले? इकडे ये. वर पाह्य."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. शेठ भजी खात होते.

 त्यानं तांब्या ठेवला, धोतर झटकलं आणि पुढच्या बाजूला गेला. थोड्या वेळानं आम्हाला तो केबिनच्या दारात दिसला. आवाज येत नव्हता, पण शेठनी भज्याचा कागद टेबलाखाली लपवला, ते सगळ्यांनी पाहिलं.

ही बातमी खेड्यापाड्यांत पोचायला वेळ लागला नाही. अंधार पडला की लोक आधी आमच्या आंगणात यायचे, वर पाहायचे आणि मग दुकानात जाऊन म्हणायचे, "शेठ हायेत. आमी थांबतो." शेठ चक्रावले. त्यांना वाटलं, आपलीच माणसं फितूर झाली. काउंटरवरचा बदलला, चपराशी बदलला. मागून एकदा सहकाऱ्यानं सांगितलं, की शेठनी सरांनाही विचारलं, केबिनमध्ये कुणी कॅमेरा तर बसवला नाही ना? मी मनापासून हसले. संशय म्हणजे काय असतो, ते आता त्यांनाही कळत होतं.

शेवट विजेनंच केला. निंबाखाली त्या संध्याकाळी बरीच गर्दी होती. बाया, पुडे घेतलेली माणसं, दोघं-तिघं नुसतेच बघे. शेठ पाय वर करून बसले होते. आणि वेळेआधीच लाईन आली. आमच्या निंबावरचा मोठा बल्ब लखकन पेटला, आणि त्याच वेळी जनरेटरवरून लाईनवर येताना शेठच्या ट्यूबलाईटी क्षणभर विझल्या. तेवढ्या वेळात त्यांना खाली सगळं दिसलं असणार. सगळी तोंडं वर, सगळे डोळे त्यांच्यावर. ट्यूबलाईटी परत लागल्या तेव्हा शेठ काचेला नाक लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून खाली पाहत होते. मायनं त्यांना हात केला, शेजारणीला करतात तसा.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. "शेठना मागून काच नको आहे. सगळी बंद शीट. फॅब्रिकेटरला प्रत्येक चौकोनाचं माप लागेल, तेव्हा एकेक करून द्या." माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्हाला जमतं ते."

मी घरी येऊन मायला सांगितलं. वाटलं, ती आनंदानं नाचेल. तिनं न्हाणीवरचं फ्लेक्स सोडून घडी घातलं आणि म्हणाली, "सगळ्या बंद करशीन?"

"हो. आता तुला कोणी पाहणार नाही."

"अन् ते पुडे घेऊन येतात त्याहिले मी काय दाखवू? पत्रा?" तिनं निंबाखालून वर पाहिलं. "एक राहू दे. मी दिसणार नाही अशी. तो दिसन अशी."

मी ऑफिसात कॅमेरा पुन्हा ठेवला. या खेपेला आमच्या आंगणात, निंबाखाली, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि वर वळवला. केबिनमध्ये जायला एकच जिना होता, मागच्या भिंतीला लागून. त्याच्या शेवटच्या वळणावरचा एक चौकोन असा निघाला, की तिथून न्हाणी निंबाच्या आड जात होती, पण चढणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसत होता. बाकी प्रत्येकाची टाचणी काढली, शीट केली. त्या एकाला हात लावला नाही.

सरांनी ड्रॉइंग पाहिलं. बोट बरोबर त्या चौकोनावर थांबलं.

"ही?"

"जिन्यात उजेड नको का, सर?" मी म्हटलं.

 त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

शेठचा माणूस जागा मागायला पुन्हा आला नाही. माय अजून उघड्या न्हाणीत अंघोळ करते, निंबाची पानं अंगावर घेत. आणि अंधार पडल्यावर दुकानात कोणी म्हटलं, शेठ बाहेरगावी आहेत, की लोक मागच्या गल्लीत येऊन आमच्या फाटकातून विचारतात, "काकू, चढले काय?"